डे, शंभुनाथ : प्रकाशित संशोधन आणि उद्धरण-प्रभाव

डे, शंभुनाथ (१ फेब्रुवारी १९१५ – १५ एप्रिल १९८५). कॉलऱ्याच्या जंतूंचे विष प्रयोगाने सिद्ध करणारे बंगाली विकृतिशास्त्रज्ञ. जन्म हुगळी जिल्ह्यातला, वैद्यकीय शिक्षण कोलकात्यात. लंडनमध्ये रॉय कॅमेरॉन यांच्या हाताखाली संशोधन करून १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. नंतर नीलरतन सरकार मेडिकल कॉलेज आणि कलकत्ता मेडिकल कॉलेज येथे अध्यापन केले व १९७३ मध्ये ते निवृत्त झाले. त्यांची ग्रंथसूची आजच्या मानाने तोकडीच आहे. तिचे वजन प्रामुख्याने तीन निबंधांवर आहे आणि उद्धरणांची मोजदाद संशोधनाविषयी काय सांगते व काय सांगू शकत नाही, हे त्या तीन निबंधांच्या वाटचालीवरून चांगले तपासता येते.

कॉलऱ्याचा जंतू विष सोडत असावा, असा तर्क रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्येच मांडला होता. पुढे बहुतेक संशोधक ते विष रक्तात किंवा उदरपोकळीत टोचून पाहत राहिले. रोग आतड्यात होतो, तर प्रयोगही आतड्यातच करावा, ही साधी गोष्ट सत्तर वर्षे बाजूला राहिली. १९५३ मध्ये डे आणि त्यांचे सहकारी चटर्जी यांनी उपाशी ठेवलेल्या सशाचे पोट उघडून लहान आतड्याचा काही इंचांचा भाग दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधला, त्यात जंतूंचे संवर्धन टोचले आणि पोट शिवून टाकले. दुसऱ्या दिवशी तो भाग पाण्याने तट्ट फुगलेला होता. नुसते पोषकद्रव्य टोचलेला भाग मात्र रिकामाच. १९५६ मध्ये याच पद्धतीने त्यांनी अतिसाराच्या रुग्णांतील ई. कोलाय जंतूंची परीक्षा केली. १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला निबंध निर्णायक ठरला : संवर्धनातील जंतू गाळून काढले, उरलेला द्राव टोचला, तरी आतडे तसेच फुगले. म्हणजे काम जंतूच्या शरीराचे नव्हते, त्याने बाहेर सोडलेल्या विषाचे होते.

एवढ्या महत्त्वाच्या निबंधाकडे पहिली काही वर्षे फारसे कोणी वळले नाही. डे अबोल होते, परिषदांना फिरत नव्हते, असे कारण दिले जाते. ते अपुरे वाटते. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी जिवंत जंतू नसलेला अर्क सशाच्या पिल्लांना देऊन अतिसार घडवून दाखवला होता. तेव्हा प्रश्न एका माणसाच्या स्वभावापुरता राहत नाही. ‘नेचर’ जगभर वाचले जात होते, त्यामुळे निबंध कोपऱ्यात पडून राहिला असेही म्हणता येत नाही. उणीव होती ती त्याच प्रश्नावर काम करणाऱ्या दुसऱ्या प्रयोगशाळांची. उद्धरण दुसरा संशोधक देतो, आणि तो त्या विषयात असला तरच देतो. १९६० मध्ये ढाक्यात कॉलरा संशोधन प्रयोगशाळा निघाली, १९६१ पासून कॉलऱ्याच्या एल टोर या प्रकारच्या जंतूची साथ इंडोनेशियातून पसरू लागली, परदेशी निधी आला, माणसे आली. फिंकेल्स्टाइन आणि लोस्पालुटो यांनी १९६९ मध्ये विष शुद्ध स्वरूपात वेगळे केले. डे यांच्या निबंधांचे महत्त्व या ओघात उमगत गेले. निबंधातला मजकूर तोच होता, बदलली होती ती भोवतालची गरज.

यावर आक्षेप असा, की शेवटी उद्धरणे झालीच, म्हणजे मोजमाप उशिरा का होईना बरोबर ठरले. शिवाय आकडे नसतील तर उरते ती ओळखपाळख आणि शिफारसपत्रे. दुसरा भाग खराच आहे. उद्धरण-सूचीचे जनक यूजीन गारफील्ड यांनी १९८६ मध्ये कॉलरा-संशोधनाचा आलेख मांडला आणि डे यांचे स्थान ठळकपणे दाखवले. भारतातील कोणत्याही विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले नव्हते, हे लक्षात घेता सूचीने इथल्या जाणकारांपेक्षा अधिक न्याय केला असेच म्हणावे लागेल. पण तो न्याय मागे वळून केलेला आहे, डे यांच्या मृत्यूनंतरचा. जंतूंच्या अनुवंशशास्त्राचे संशोधक जोशुआ लेडरबर्ग यांनी नोबेलसाठी त्यांचे नाव सुचवले, १९७८ च्या नोबेल परिसंवादाचे निमंत्रणही त्यांना आले, ते निबंध वाचून त्यातला विचार ओळखणाऱ्यांमुळे. विषयाचा इतिहास लिहिताना सूची भरवशाची आहे. चालू कामाची प्रतवारी तिच्यावर सोपवली, की आज गर्दी कोणत्या विषयात आहे एवढेच हाती येते.

आणखी एक अडचण आकड्यांच्या मुळाशीच आहे. शोध सर्वमान्य झाला की लोक मूळ निबंध सांगेनासे होतात. कॉलरा विषामुळे होतो, हे आज पाठ्यपुस्तकातले वाक्य आहे आणि त्यासाठी १९५९ च्या निबंधाचा हवाला देण्याची गरज कोणाला वाटत नाही. हिर्श यांचा २००५ चा एच-निर्देशांक (किती निबंधांना प्रत्येकी किमान तितकीच उद्धरणे मिळाली, तो आकडा) ही उणीव भरून काढत नाही, उलट वाढवतो. त्यात निबंधांची संख्या हीच कमाल मर्यादा असल्यामुळे थोडके लिहिणाऱ्याचा आकडा, प्रत्येक निबंधाला कितीही उद्धरणे मिळाली तरी, खालीच राहतो. प्रकाशनानंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांच्या उद्धरणांवर बढतीचे गुण देणाऱ्या समितीपुढे डे यांचा ‘नेचर’मधील निबंध टिकला नसता.