मेलेल्या उंदराची साक्ष : पॅरिस ते परळ

१/ मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथींना अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. घटसर्पाच्या विषाने मेलेला गिनी पिग चिरून पाहिला, तर या ग्रंथी रक्ताने भरून लालभडक झालेल्या दिसतात आणि त्यांतील पेशी मेलेल्या आढळतात. जंतू मात्र तिथे नसतो. मग पेशी मारल्या कोणी?

२/ १८८८ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एमिल रू आणि अलेक्झांडर येर्सिन यांनी घटसर्पाचे जंतू गाळून काढलेला द्रव प्राण्यांना टोचला. जंतू नव्हते, तरी प्राणी मेले. मारक होते ते जंतूंनी सोडलेले विष. रोगाचा माग मेलेल्या ऊतकावरून काढायची ही रीत घेऊनच येर्सिन १८९४ मध्ये हाँगकाँगला पोहोचला. तिथे त्याने प्लेगचा जंतू शोधला, आणि तो माणसांप्रमाणेच मेलेल्या उंदरांतही दाखवला.

३/ दोन वर्षांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. बोरघाट चढून, इंदुरी-तळेगावचा मावळ ओलांडून जाणाऱ्या रेल्वेने मुंबई पुण्याला जोडलेली होती. लवकरच पुणेही प्लेगने ग्रासले. १० मार्च १८९७ रोजी रुग्णसेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या.

४/ त्याच वर्षी रँडच्या प्लेग समितीने सोजिरांकरवी घरझडत्या घेतल्या. संशय सारा माणसावर, त्याच्या घरावर, त्याच्या सामानावर. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली. शालेय पुस्तकात रँड भेटतो; उंदीर मात्र भेटत नाही.

५/ १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदराच्या पिसवेवर बोट ठेवले. सरकारी प्लेग आयोगाला ते पटले नाही. इकडे लस तयार करणाऱ्या वाल्देमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. १९०५ पासून नव्या आयोगाने तिथे मुंबईतले हजारो उंदीर चिरून तपासले.

६/ हे काम किळसवाणे खरे, पण फार सूक्ष्म होते. प्लेगच्या उंदराची कातडी सोलली की खाली लाली दिसे. छातीच्या पोकळीत स्वच्छ पाणी साठलेले असे. यकृत पिवळट, आणि त्यावर मिरपूड भुरभुरावी तसे करडे ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे मेलेल्या पेशींचे एक बेट. सरावलेल्या नजरेला सूक्ष्मदर्शकाशिवायही रोग ओळखता येई.

सर्वांत बोलकी ठरली ती गाठ. मुंबईच्या वस्तीत मेलेल्या उंदरांत ती बहुधा मानेत सापडे. प्रयोगशाळेत ज्या उंदरांना प्लेगचे मांस खाऊ घातले, त्यांच्यात मात्र आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यात गाठी येत. वस्तीतल्या उंदरांत तशा गाठी मिळेनात. म्हणजे रोग अन्नातून, पोटावाटे शिरत नव्हता. तो कातडीतून येत होता. माझ्या मते सगळ्या शोधकथेतला हा सर्वांत देखणा पुरावा आहे. तो कोणी रचला नव्हता, उंदरांच्या शरीरातच पडून होता.

७/ राहिला प्रश्न, कातडीत रोग टोचणारा कोण? ग्लेन लिस्टन आणि सहकाऱ्यांनी प्लेगग्रस्त घरांत गिनी पिग मोकळे सोडले. त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा गोळा झाल्या आणि कित्येक गिनी पिग प्लेगने मेले. परळच्या आवारात मुद्दाम बांधलेल्या खोपट्यांत प्राण्यांचे पिंजरे वेगवेगळ्या उंचीवर टांगले. जमिनीपासून दोन इंचांवरचे प्राणी रोगी झाले, दोन फुटांवरचे वाचले. हवा तर दोघांना एकच होती. पिंजऱ्याभोवती चिकट कागदाचा रुंद पट्टा अंथरला, तेव्हा जमिनीवरचे प्राणीही वाचले, कारण पिसूला तो पट्टा उडी मारून ओलांडता येईना.

८/ हे अहवाल १९०६ पासून छापले जाऊ लागले. पुण्यातल्या घरझडत्यांना तोवर नऊ वर्षे उलटली होती. घरात उंदीर मरून पडला की गाव सोडून रानात झोपड्या बांधायच्या, हे खेड्यापाड्यांतल्या लोकांनी मात्र अहवालाची वाट न पाहताच सुरू केले होते.