मायक्रोवेव्हमध्ये भाजी शिजवताना : पाणी किती, वेळ किती, धोका कुठे?

बेळगाव असो, मडगाव असो की इंदूर, बडोदा; मायक्रोवेव्ह घरात आला तरी बहुतेक ठिकाणी तो उरलेलं अन्न गरम करण्यापुरताच वापरला जातो. भाजी मात्र गॅसवरच. खरं तर भाजी शिजवणं हे या यंत्राला चांगलं जमणारं काम आहे.

घरगुती ओव्हनमधल्या लहरींची वारंवारिता 2450 मेगाहर्ट्झ असते. या लहरी मुख्यतः पदार्थातल्या पाण्याचे रेणू हलवतात आणि त्यातून उष्णता तयार होते. लहरी दोन-तीन सेंटिमीटरच आत जातात. त्यापुढचा भाग उष्णता आत झिरपत गेल्याने शिजतो. म्हणून फोडी सारख्या आकाराच्या हव्यात. मोठ्या फोडी ताटलीच्या कडेला ठेवाव्यात, मध्ये लहान. बंद झाल्यावर दोन मिनिटं झाकण तसंच राहू द्यावं, कारण शिजणं तेव्हाही चालूच असतं. घाईत हीच पायरी गाळली जाते, आणि मग ‘मधे कच्चंच राहतं बघा’ ही तक्रार.

800 वॅटच्या ओव्हनमध्ये पाव किलो फ्लॉवरला दोन-तीन चमचे पाणी आणि साधारण चार-पाच मिनिटं लागतात. मध्ये एकदा हलवावं. मेथी, पालक धुतल्यावर अंगाला राहिलेलं पाणीच पुरतं. दोन मिनिटांत पाला बसतो. मध्यम बटाट्याला चार-पाच मिनिटं, पण आधी काट्याने चार-सहा ठिकाणी टोचावं, नाहीतर आत वाफ कोंडून तो फुटतो. वांग्याचंही तसंच. भरीत होतं, पण निखाऱ्यावरचा धुरकट वास येत नाही, हे मान्य करावं लागेल. मीठ शेवटी, वरून भुरभुरलं की तिथली फोड सुकते. फोडणी गॅसवरच करावी.

सत्त्व नष्ट होतं, ही भीती बहुतेक उलटी आहे. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं. भरपूर पाण्यात भाजी उकळून ते पाणी ओतून दिलं की तेही मोरीत जातं. कमी पाणी आणि कमी वेळ, यात ते जास्त टिकतं. पण ओव्हनमध्येही वाडगाभर पाणी घातलं तर हा फायदा राहत नाही.

विजेचा हिशेब सोपा आहे. 800 वॅटचा ओव्हन प्रत्यक्षात 1200 वॅटच्या आसपास वीज खेचतो. पाच मिनिटांचे 0.1 युनिट, म्हणजे दहा वेळा भाजी वाफवली की एक युनिट.

जपायचं ते भांड्याला. स्टीलचा डबा, सोनेरी काठाची बशी, मेलामाइनच्या प्लेटा आत नकोत. काचेचं किंवा ‘मायक्रोवेव्ह सेफ’ लिहिलेलं भांडं घ्यावं. झाकण घट्ट लावू नये, वाफेला फट ठेवावी. उघडताना ती फट तोंडाच्या विरुद्ध बाजूला करावी, कारण त्या वाफेने भाजू शकतं. दार वाकलं असेल, नीट बसत नसेल तर दुरुस्तीपर्यंत ओव्हन बंदच ठेवावा.

राजमा मात्र यात शिजवायला जाऊ नये. कच्च्या दाण्यातला विषारी घटक नीट उकळल्याशिवाय जात नाही, आणि अर्धवट शिजलेल्या राजम्याने उलट्या होतात. रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, कुकरच लावावा.