निर्णय कुणी घ्यायचा? : ढाका, डिसेंबर 1971

पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष रावळपिंडीत, पूर्व पाकिस्तानातले सेनापती ढाक्यात, आणि दोघांच्या मध्ये भारताची सोळाशे किलोमीटर भूमी. घड्याळंही वेगळी होती. ढाक्यात दुपारचे तीन वाजले की रावळपिंडीत दोन वाजत. जनरल याह्या खान एकाच वेळी राष्ट्राध्यक्ष, मुख्य लष्करी कायदा प्रशासक आणि सरसेनापती होते. 25 मार्च 1971च्या संध्याकाळी त्यांनी गुपचूप ढाका सोडलं. त्याच रात्री तिथे लष्कराने कत्तल सुरू केली. एप्रिलमध्ये लेफ्टनंट जनरल अमीर अब्दुल्ला खान नियाझी पूर्वेच्या सैन्याचे प्रमुख झाले. दुसऱ्या महायुद्धात मिलिटरी क्रॉस मिळवलेला आणि ‘टायगर’ म्हणून ओळखला जाणारा हा माणूस. सारे अधिकार ज्याच्या हाती होते, तो पुन्हा ढाक्यात आला नाही. ज्याच्या हाती ढाका होतं, तो प्रत्येक मोठ्या निर्णयासाठी रावळपिंडीकडे डोळे लावून बसला.

पुढच्या नोंदी ढाक्याच्या घड्याळानुसार आहेत. वेगळी वेळ असेल तिथे तसं सांगितलं आहे.

7 डिसेंबर, संध्याकाळ

भारताबरोबरच्या युद्धाला चार दिवस झाले आहेत. जेसोर हातचं गेलं आहे. पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर डॉ. ए. एम. मलिक नियाझींना गव्हर्नमेंट हाउसवर बोलावून घेतात आणि युद्धात चढउतार असायचेच, अशा शब्दांत धीर देऊ लागतात. नियाझी दोन्ही हातांनी चेहरा झाकून ढसाढसा रडतात. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या बंगाली नोकराला दटावून बाहेर काढलं जातं, आणि तो बाहेर जाऊन सांगतो की आत साहेब लोक रडताहेत. नियाझींच्या मुख्यालयात जनसंपर्काचं काम पाहणारे मेजर सिद्दीक सालिक यांनी हा प्रसंग पुढे लिहून ठेवला. सेनापतीला त्या संध्याकाळी काय कळून चुकलं होतं, हे त्यावरून उघड होतं. 

9 डिसेंबर, रात्र

मलिक याह्यांना तार करतात: ताबडतोब युद्धबंदी आणि राजकीय तोडगा काढावा. त्याच रात्री उत्तर येतं. मी खूप दूर आहे, पूर्वेतला निर्णय तुमच्यावर सोडतो, तुम्ही जे ठरवाल ते मला मान्य असेल, नियाझींनाही तशा सूचना देत आहे, असा त्याचा आशय.

हे उत्तर वाचताना संताप येतो. देशाचा निम्म्याहून अधिक लोकसंख्या असलेला भाग निसटून चालला आहे, आणि राष्ट्राध्यक्ष ते ओझं एका वृद्ध डॉक्टरच्या गळ्यात घालत आहेत. मलिकांपाशी ना सैन्य होतं, ना लोकांचा पाठिंबा.

10 डिसेंबर

गव्हर्नरांचे लष्करी सल्लागार मेजर जनरल राव फर्मान अली त्या तारेच्या भरवशावर संयुक्त राष्ट्रांचे ढाक्यातले प्रतिनिधी पॉल मार्क आन्री यांच्या हाती एक मसुदा देतात. त्यात युद्धबंदी, निवडून आलेल्या प्रतिनिधींकडे सत्ता सोपवणं आणि सैन्याला सुखरूप मायदेशी नेणं या मागण्या आहेत. मसुदा न्यूयॉर्कला पोहोचतो, आणि याह्या तो आपला नसल्याचं कळवतात. आदल्या रात्री ‘ठरवाल ते मान्य’ म्हणणारा राष्ट्राध्यक्ष दुसऱ्या दिवशी शब्द फिरवतो. त्या दिवसापासून ढाक्यात कुणीही पुढाकार घ्यायला धजत नाही.

इकडे भारताचे सेनानी सगत सिंग यांच्या सैन्याने हेलिकॉप्टरमधून मेघना ओलांडली आहे. 11 तारखेला दुपारी टांगाइलजवळ भारताची छत्रीधारी पलटण उतरते.

12 डिसेंबर

रावळपिंडीहून लेफ्टनंट जनरल गुल हसन नियाझींना पश्तूत फोनवर सांगतात की उत्तरेकडून पिवळे आणि दक्षिणेकडून गोरे मदतीला येत आहेत. पिवळे म्हणजे चिनी, गोरे म्हणजे अमेरिकन. अमेरिकेचं ‘एंटरप्राइज’ हे विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागराकडे निघालं आहे हे खरं. पण ढाका वाचवायला कुणीही येणार नव्हतं. अशा आशेवर एक दिवस गेला, मग दुसरा. रावळपिंडीने सेनापतीला खोटा दिलासा दिला, आणि सेनापतीने तोच वार्ताहरांपुढे ठेवला. आधी माझ्या छातीवरून रणगाडा जाईल, मगच ढाका पडेल, असं ते याच दिवसांत हॉटेल इंटरकॉन्टिनेंटलबाहेर सांगत होते.

14 डिसेंबर, दुपारी बाराच्या सुमारास

गव्हर्नमेंट हाउसमध्ये बैठक होणार असल्याचा संदेश भारताच्या हाती लागला आहे. विंग कमांडर बिश्नोई यांच्या नेतृत्वाखाली मिग-21 विमानं थेट त्या इमारतीवर रॉकेट्स डागतात. त्यासाठी त्यांच्यापाशी पर्यटकांचा एक नकाशा आहे. डॉ. मलिक खंदकात उतरतात. तिथे ते पाय धुतात, नमाज पढतात आणि साध्या बॉलपेनने एका कागदावर राजीनामा लिहितात. तो राष्ट्राध्यक्ष याह्या खान यांच्या नावे आहे. मग मंत्र्यांसह ते रेड क्रॉसच्या आश्रयाला हॉटेल इंटरकॉन्टिनेंटलमध्ये जातात. पूर्व पाकिस्तानात आता मुलकी सरकार उरलेलं नाही. निर्णय घेऊ शकेल असा एकच माणूस मागे आहे: नियाझी.

14 डिसेंबर, दुपारी साडेतीनच्या सुमारास

याह्यांची तार नियाझींच्या हाती पडते. पराक्रमाची तारीफ आहे, देशाला तुमचा अभिमान आहे असं म्हटलं आहे. पुढे असं की आता प्रतिकार करणं माणसाच्या आवाक्याबाहेर गेलं असून त्यातून काही साधणारही नाही. तेव्हा लढाई थांबवण्यासाठी आणि सैनिकांचे व निष्ठावंतांचे प्राण वाचवण्यासाठी आवश्यक ते सगळं करावं.

हा हुकूम होता की मुभा? ‘शरण जा’ असं तारेत कुठेही नव्हतं. ‘लढत राहा’ असंही नव्हतं. नियाझी अखेरपर्यंत म्हणत राहिले की मला आदेश मिळाला. न्यायमूर्ती हमूदुर रहमान यांच्या आयोगाने पुढे निष्कर्ष काढला की हा आदेश नव्हता, केवळ परवानगी होती, आणि लढायचं की नाही हे नियाझींच्याच हाती होतं. मला त्या तारेत एक जाणीवपूर्वक केलेली सोय दिसते. जय मिळाला तर तो राष्ट्राध्यक्षाचा, शरणागती आली तर ती सेनापतीची.

14 डिसेंबर, संध्याकाळ

नियाझी आणि फर्मान अली अमेरिकेचे वाणिज्यदूत हर्बर्ट स्पिव्हॅक यांच्याकडे जातात. तुम्ही मध्यस्थी करा, अशी त्यांची विनंती. स्पिव्हॅक म्हणतात, मी फक्त निरोप पोहोचवीन. निरोप वॉशिंग्टनला जातो, आणि दिल्लीला पोहोचायला जवळजवळ एक दिवस लागतो.

त्या एका दिवसाचं काय झालं, हे सैन्याच्या इतिहासांमध्ये फारसं आढळत नाही. म्हणून इथे थोडं थांबतो.

संचारबंदीत बुडालेल्या त्याच शहरात पाकिस्तानी लष्कराला साथ देणाऱ्या अल-बद्र संघटनेचे लोक नावांच्या याद्या घेऊन दारं ठोठावत होते. 14 तारखेला नाटककार आणि ढाका विद्यापीठातले प्राध्यापक मुनीर चौधरी यांना नेलं. पत्रकार आणि कादंबरीकार शहीदुल्ला कैसर यांनाही नेलं. दोघेही परतले नाहीत. 15 तारखेच्या दुपारी, म्हणजे याह्यांची तार येऊन पूर्ण दिवस लोटल्यावर, हृदयरोगतज्ज्ञ डॉ. फजले रब्बी आणि नेत्रतज्ज्ञ डॉ. आलीम चौधरी यांना त्यांच्या घरांतून उचललं. 18 तारखेला रायेर बाजारच्या वीटभट्ट्यांच्या मैदानात दोघांचे मृतदेह सापडले. निर्णय कुणी घ्यायचा यावर दोन जनरल हात झटकत असताना एक देश जन्माला येण्याआधीच आपले डॉक्टर, प्राध्यापक आणि लेखक गमावत होता.

15 डिसेंबर, दुपार ते रात्र

दिल्लीत निरोप पोहोचतो. भारताचे लष्करप्रमुख जनरल माणेकशॉ यांचं उत्तर स्पष्ट आहे: युद्धबंदी नाही, शरणागती. सदिच्छा म्हणून संध्याकाळी पाचपासून दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत ढाक्यावरचे हवाई हल्ले थांबतील. नियाझी ते उत्तर रावळपिंडीला पाठवतात. लष्करप्रमुखांच्या कार्यालयातून जनरल अब्दुल हमीद कळवतात की या अटी तुमची गरज भागवतात, स्वीकारायला हरकत नाही. पुन्हा तेच: सल्ला आहे, हुकूम नाही.

याच दिवशी न्यूयॉर्कच्या सुरक्षा परिषदेत पाकिस्तानचे प्रतिनिधी झुल्फिकार अली भुट्टो हातातले कागद फाडून सभात्याग करतात.

16 डिसेंबर, सकाळी नऊच्या आसपास

मिरपूरच्या पुलाशी मेजर जनरल गंधर्व नागरा उभे आहेत. सोबत बंगाली स्वातंत्र्यसैनिकांच्या मुक्तिवाहिनीचे कादेर सिद्दीकी आहेत. नागरा पूर्वी पाकिस्तानात भारताचे लष्करी सल्लागार होते आणि नियाझींना जवळून ओळखत. ते एक चिठ्ठी पाठवतात: प्रिय अब्दुल्ला, मी आलो आहे, डाव संपला आहे, माझ्याकडे ये, तुझी काळजी मी घेईन.

नियाझींच्या खोलीत फर्मान अली, मेजर जनरल जमशेद आणि रिअर अॅडमिरल शरीफ आहेत. फर्मान विचारतात, राखीव सैन्य किती आहे? नियाझी गप्प राहतात. शरीफ पंजाबीत विचारतात, पदरात काही आहे का? ढाक्याच्या रक्षणाची जबाबदारी असलेले जमशेद नुसती मान हलवतात. मग ठरतं. नागरांच्या स्वागताला जमशेद निघतात.

16 डिसेंबर, दुपारपासून

भारताच्या पूर्व विभागाचे चीफ ऑफ स्टाफ मेजर जनरल जेकब कोलकात्याहून हेलिकॉप्टरने तेजगावला उतरतात. कर्नल खारा शरणागतीचा मसुदा वाचून दाखवतात. खोलीत शांतता आहे आणि नियाझींच्या गालांवर अश्रू. जेकब त्यांना विचारासाठी अर्धा तास देतात आणि स्वतः बाहेर येरझाऱ्या घालतात. ढाक्याभोवती भारताचे फार थोडे जवान आहेत, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. परत आल्यावर ते मसुदा हातात घेऊन विचारतात, हा मान्य आहे का? असं तीनदा. उत्तर येत नाही. म्हणून जेकब सांगतात, मी ते होकार म्हणून घेतो.

त्या घडीलाही नियाझींना रावळपिंडीचा एखादा शब्द हवा असणार. तो आला नाही.

रमना रेसकोर्सवर मेज मांडलं जातं. भारताच्या पूर्व विभागाचे प्रमुख लेफ्टनंट जनरल जगजित सिंग अरोरा येतात. दस्तावर छापलेली वेळ भारतीय घड्याळाची, 4 वाजून 31 मिनिटं. जेकब यांच्या म्हणण्यानुसार सह्या 4 वाजून 55 मिनिटांनी झाल्या. नियाझी आपलं पिस्तूल अरोरांच्या हाती देतात. सुमारे 93 हजार माणसं युद्धकैदी होतात.

16 डिसेंबर, संध्याकाळ

पाकिस्तान रेडिओवर एक छोटी अधिकृत घोषणा होते: पूर्व विभागातील भारत आणि पाकिस्तानच्या स्थानिक कमांडरांमधील व्यवस्थेनुसार लढाई थांबली असून भारतीय सैन्य ढाक्यात शिरलं आहे. शरणागती हा शब्द नाही, नियाझींचं नाव नाही. थोड्या वेळाने याह्या राष्ट्राला उद्देशून बोलतात. एका आघाडीवरचा धक्का म्हणजे युद्धाचा शेवट नव्हे, असं त्यांचं म्हणणं असतं. दुसऱ्याच दिवशी ते पश्चिमेकडील युद्धबंदी मान्य करतात. 20 डिसेंबरला त्यांना भुट्टोंच्या हाती सत्ता सोपवावी लागते, आणि पुढे ते नजरकैदेत जातात.

नियाझी जबलपूरच्या छावणीतून एप्रिल 1974च्या अखेरीस वाघ्यावरून पाकिस्तानात परतले. हमूदुर रहमान आयोगाने याह्या आणि त्यांच्या निकटच्या सहकाऱ्यांवर जाहीर खटला चालवावा आणि नियाझींचं कोर्ट मार्शल करावं, अशी शिफारस केली. ना तो खटला उभा राहिला, ना ते कोर्ट मार्शल झालं. अहवाल अनेक दशकं दाबून ठेवला गेला.