पदवीची अकरा वर्षे

आमच्या धामापूरच्या तलावाचा बांध १५३० सालचा. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांचे नाव त्याला जोडलेले आहे. २०२० साली जागतिक सिंचन वारशातही त्याची नोंद झाली. पण त्या बांधासाठी मातीची पाटी कोणाच्या डोक्यावर होती, हे कुठेच लिहिलेले नाही. ते शोधायचे तर दफ्तरे चाळावी लागतील, मोडी वाचावी लागेल, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारावे लागेल. हे डॉक्टरेटचे काम आहे, आणि डॉक्टरेटला पोटाची चिंता नसलेली वर्षे लागतात. आपल्या माणसाजवळ बुद्धी आहे. ही वर्षे नाहीत.

बाबासाहेबांचेच पाहा. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ साली प्रबंध सादर करून लंडन गाठले. पण १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले, तेव्हा १९२० साली लंडन पुन्हा दिसले. तेथील डी. एस्सी. १९२३ साली मिळाली. कोलंबियाचा प्रबंध ग्रंथरूपाने छापून निघाला तो १९२५ साली आणि पीएच. डी. हाती आली १९२७ साली. प्रबंधापासून पदवीपर्यंत अकरा वर्षे! हा आपण एका महापुरुषाच्या जिद्दीचा इतिहास म्हणून सांगतो. तो व्यवस्थेचाही इतिहास आहे.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ साली झाला, तेव्हा दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. बाबासाहेबांचे नाव लागले १९९४ साली. दारावर नाव लागले. पण त्या दारातून आत गेलेल्याच्या शिधापाण्याचे काय? अनुसूचित जाती-जमातींच्या संशोधकांसाठी राजीव गांधी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती २००५-०६ साली सुरू झाली. ती मोजक्यांनाच मिळते, आणि हप्ता थकला की घरून विचारणा होते, ‘नोकरी कधी धरणार?’

आमच्या जिल्ह्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली. दफ्तरखाना मुंबईत, मोठी ग्रंथालये मुंबईत. मीही एकदा नाव नोंदवले होते. घरची जबाबदारी आली, नोकरी धरली, टिपणे ट्रंकेत राहिली.

आता वाडीतील एक मुलगी तलावाचाच विषय घेऊ पाहते आहे. टिपणे मी तिला दिली. पदवी मिळाल्यावर शाल-नारळ घेऊन आपण सारे धावू. त्याआधीच्या पाच वर्षांची पेज तिला कोण देणार, हे मात्र आजच ठरवले पाहिजे.