'विस्तार झाला' : एका वाक्याचा हरवलेला कर्ता

घोडपदेवच्या पूर्वेस, रे रोड आणि कॉटन ग्रीन या स्थानकांपलीकडे जो वखारींचा पट्टा आहे, त्याचा बराचसा भाग एकेकाळी समुद्राचा होता. १९०८ ते १९१२ या काळातील माझगाव-शिवडी भरणीने सुमारे ५८३ एकर जमीन निर्माण केली. या घटनेची नोंद बहुधा 'मुंबईचा विस्तार झाला' अशी होते. विस्तारच वाक्याचा कर्ता होऊन बसतो आणि तो करणारा, त्यामागील हेतूसह, कथनाबाहेर जातो.

अमेरिकेच्या पश्चिमविस्ताराचे कथनही याच घडणीचे आहे. १८४५ साली, टेक्सासच्या विलीनीकरणाच्या निमित्ताने, जॉन ओ'सलिव्हनच्या मासिकाने हा विस्तार ईश्वरनियोजित ठरवला. १८९३ साली फ्रेडरिक जॅक्सन टर्नरने ईश्वराच्या जागी सीमाप्रदेशाला बसवले : अमेरिकी स्वभाव आणि लोकशाही त्यातूनच घडली, असे त्याचे प्रतिपादन होते. दोन्ही कथनांत भूमी रिकामी आहे. प्रत्यक्षात ती रिकामी करण्यात आली. १८३० च्या कायद्याने चेरोकी, क्रीक, चॉक्टॉ यांना मिसिसिपीपलीकडे हाकलले गेले आणि त्यांच्या जमिनींवर गुलामांच्या श्रमाने कापूस उभा राहिला. मेक्सिकोने १८२९ साली गुलामगिरी रद्द ठरवली. टेक्सासमधील अमेरिकी मळेवाल्यांना ती हवीच होती. १८६२ च्या कायद्यांनी कसणाऱ्याला १६० एकर देऊ केले आणि रेल्वे कंपन्यांना त्याहून कितीतरी पटींनी अधिक. छोट्या वसाहतकाराची जमिनीची भूक खोटी नव्हती, हे मान्य केले पाहिजे. परंतु तिच्या आडोशाने कोणाचे हिशेब जुळत होते, हा प्रश्न उरतोच.

हा कापूसच घोडपदेवच्या किनाऱ्याला त्या इतिहासाशी जोडतो. पश्चिमेकडील नव्या प्रदेशांत गुलामगिरी न्यावी की नाही, या वादातून १८६१ साली यादवी युद्ध पेटले. अमेरिकी कापूस अडला, लिव्हरपूलची मागणी मुंबईकडे वळली आणि आलेल्या पैशातून समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांचे पेव फुटले. गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ सालचे, म्हणजे ऐन तेजीतले. १८६५ साली दक्षिणेचा पराभव झाला आणि बॅक बेचे भाग मातीमोल झाले. पूर्व किनाऱ्यावरची एल्फिन्स्टन कंपनी सरकारने विकत घेतली. १८७३ साली पोर्ट ट्रस्ट आला. पुढे १९२० च्या दशकात कापसाचा बाजार कुलाब्याहून शिवडीच्या भरणीवर हलला.

साम्य येथे थांबते. चेरोकींच्या वाट्याला आलेली पायपीट मुंबईच्या भरणीच्या इतिहासात नाही, आणि ओहोटीच्या चिखलाला कुरणाची उपमा देण्यात अर्थ नाही. मात्र वखारी, गोदी आणि गिरण्यांच्या आधाराने या भागात राहिलेला कोकणातला कामगार 'मुंबईला आला' असे जेव्हा लिहिले जाते, तेव्हा तेही वाक्य तपासावे लागते. खोताचा वाटा आणि सावकाराचे कर्ज त्या 'आला'मध्ये कोठेच दिसत नाहीत.