दारावरची तपासणी : प्लेगपासून घरच्या किटपर्यंत

रोगाची साथ आली म्हणजे सरकारला पहिला प्रश्न पडतो तो हा की, रोग कोणत्या घरात आहे आणि कोणत्या घरात नाही. घरातल्या बाईला मात्र पहिली भीती वाटते ती ही की, हे बाहेर कळले तर आपल्या माणसांचे काय होईल. सरकारचा प्रश्न आणि बाईची भीती यांची गाठ घराच्या उंबऱ्यावर पडते. गेल्या सव्वाशे वर्षांत ही गाठ आपल्या मुलखात कशी पडत गेली, याची हकीकत आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत नोंदलेली असावी, म्हणून हा लेख लिहिला आहे.

आरंभ प्लेगपासून करावा लागतो. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. १८९७ च्या फेब्रुवारीत इंग्रज सरकारने साथरोगाचा कायदा केला. आपले जाफराबाद त्या वेळी निजामाच्या राज्यात होते, तेव्हा तो कायदा आपल्याला लागू नव्हता. पण पुण्यात त्याचा अनुभव लोकांनी पुरेपूर घेतला. रँडसाहेबांच्या हुकमाने गोरे सोल्जर घरोघर शिरू लागले. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडलेला होता. परंतु दारात उभे राहून कोण आजारी आहे हे सांगणारी कोणतीही चाचणी नव्हती. म्हणून काखेत आणि जांघेत गाठ आहे काय, हे डोळ्यांनी पाहण्याचा प्रकार सुरू झाला. त्यात बायकांचीही गय झाली नाही. पंडिता रमाबाईंनी याविषयी वर्तमानपत्रात पत्र लिहून आवाज उठविला होता. संशय आला की माणूस इस्पितळात आणि घरचे लोक छावणीत, अशी रीत पडली. परिणाम व्हायचा तोच झाला. लोक आजारी माणसे लपवू लागले. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे आपण शाळेत वाचलेच आहे.

त्याच पुण्यात त्याच वर्षी दुसरेही एक उदाहरण घडले. सावित्रीबाई फुले व त्यांचे डॉक्टर चिरंजीव यशवंतराव हे प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत होते. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः उचलून आणले. पुढे त्यांनाही प्लेगची बाधा झाली व १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सोल्जरही घरात शिरत होता आणि सावित्रीबाईही घरात जात होत्या. एकाच्या पावलाच्या आवाजाने दारे लागली आणि दुसरीसाठी ती उघडली. या एका फरकात पुढचा सगळा इतिहास साठविलेला आहे, असे मला वाटते.

आता आपल्या भागाकडे वळू. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाले आणि १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्या दिवसांत हिवतापाने देशाचा जीव नकोसा करून सोडला होता. स्वातंत्र्याच्या सुमारास वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप येई व आठ लाख दगावत, असा अंदाज सांगतात. १९५३ साली सरकारने हिवतापाविरुद्ध मोहीम काढली आणि १९५८ साली तिला निर्मूलनाचे रूप दिले. घरांच्या भिंतींवर डीडीटीची फवारणी झाली. त्याशिवाय दर पंधरा दिवसांनी एक कर्मचारी घरोघर फिरे आणि ‘कुणाला ताप येऊन गेला काय?’ असे विचारी.

माझ्या सासूबाईंना हा हिवतापवाला चांगला आठवतो. तो बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घेई, चार कडू गोळ्या हातावर ठेवी आणि भिंतीवर तारीख लिहून पुढच्या घराकडे जाई. या कामाचा एक पैसाही लागत नसे. फुकट, आणि तीही आपल्या दारात, अशी रोगाची चाचणी आपल्या भागातल्या घरांनी पाहिली ती ही. सासूबाई म्हणतात, “सुईला आम्ही भ्यायचो, पण माणसाला नाही भ्यायचो.” न भिण्याचे कारण उघड होते. हिवताप निघाला तरी कोणी घरातून उचलून नेत नव्हते, की शेजार तुटत नव्हता. उलट औषध मिळत होते. १९६५ साली देशातले हिवतापाचे रोगी एक लाखाच्या आसपास उतरले. पुढे मोहीम सैल पडली, डासांना डीडीटीची सवय झाली, आणि १९७६ साली तोच आकडा चौसष्ट लाखांवर गेला. दारावर येणारे पाऊल थांबले की रोग परत फिरतो, हा त्यातला धडा.

यानंतरची साथ आपण सर्वांनीच सोसली आहे. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात कोरोनाचे राज्यातले पहिले रोगी सापडले. त्या वेळी चाचणी ही दुर्मिळ वस्तू होती. नाकाघशातला नमुना मोठ्या प्रयोगशाळेत जाई आणि उत्तर येईपर्यंत दिवस मोजावे लागत. खाजगी ठिकाणी तिला ४५०० रुपयांपर्यंत दर ठरला होता. या चाचणीचा पहिला देशी किट पुण्याच्या मायलॅब कंपनीत तयार झाला, आणि तो करणाऱ्या चमूच्या प्रमुख होत्या मीनल दाखवे-भोसले. त्यांना दिवस भरत आलेले होते. १८ मार्च २०२० रोजी त्यांनी किट तपासणीसाठी पाठविला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली. आपल्या मंडळाच्या लेकीबाळींनी हे नाव लक्षात ठेवावे.

जून २०२० मध्ये अँटिजेनची झटपट चाचणी आली. ती विषाणूची प्रथिने ओळखते. नाकातला बोळा औषधी पाण्यात ढवळून दोनतीन थेंब पट्टीवर टाकायचे. पंधरावीस मिनिटांत ‘सी’ अक्षरापुढे एकच रेघ आली तर रोग आढळला नाही, आणि ‘टी’ अक्षरापुढेही रेघ उमटली तर रोग आहे. सरकारी केंद्रांत ही चाचणी मोफत होती. पुढे मोठ्या चाचणीचाही दर कमी होत गेला. ३१ मार्च २०२१ रोजी राज्य सरकारने तो खाजगी प्रयोगशाळेत ५०० रुपयांवर आणला.

याच काळात, १५ सप्टेंबर २०२० पासून, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम राज्यभर निघाली. तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे हे आपल्याच जालना जिल्ह्याचे. पण मोहीम चालली ती आशाताईंच्या पायांवर. ताप पाहायचे यंत्र आणि बोटाला लावून प्राणवायू मोजायचे ऑक्सिमीटर पिशवीत घालून त्या दारोदार फिरल्या.

आमच्या गल्लीतली त्या दिवसांतली एक गोष्ट सांगते. सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस होते. एका घरी आशाताई गेल्या, तर घरातल्या बाईने दारातूनच सांगितले, “आमच्याकडं समदे बरे हायेत.” आत तिचा नवरा दोन दिवस तापाने फणफणत होता. त्याचे नाव लागले तर सोंगणीच्या टोळीत दोघांनाही कोणी घेणार नव्हते. दारावर पट्टी लागली असती ती वेगळीच. चाचणी फुकट होती हे तिला ठाऊक होते. पण चाचणीच्या उत्तराची किंमत तिला परवडणारी नव्हती. आशाताईंनी वाद घातला नाही. संध्याकाळी त्या पुन्हा गेल्या, ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, “वहिनी, मी लिहायला नाही आले, बोट पाहायला आले.” प्राणवायू नव्वदच्या खाली होता. रात्रीच त्याला दवाखान्यात हलविले आणि पुढे तो चालत घरी आला. त्या घराला दहाबारा दिवस शेजारणींनी भाकरी पुरविली. ती पुरविली नसती, तर पुढच्या वेळी त्या बाईने दार उघडले नसते.

आशाताईंचा मोबदलाही येथे सांगावा लागेल. कोरोनाच्या कामासाठी केंद्राचा भत्ता महिन्याला हजार रुपये होता. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशाताईंना मानधनासाठी संप करावा लागला. २२ मे २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. गौरव झाला हे ठीकच, पण चूल गौरवावर पेटत नाही.

आता घरच्या किटविषयी. १९ मे २०२१ रोजी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने घरी स्वतः करायच्या चाचणीला मान्यता दिली. हा किटही मायलॅबचाच. तेव्हा किंमत २५० रुपये होती. त्या वर्षी आपल्या राज्यात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला २४८ रुपये होती. म्हणजे एका माणसाच्या चाचणीला दिवसभराची मजुरी देऊन वर दोन रुपये घालायचे! घरात सहा माणसे असली तर हिशेबच नको.

परदेशांत काय झाले पाहा. इंग्लंडमध्ये ९ एप्रिल २०२१ पासून प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा तपासता येईल इतके किट सरकारने मोफत दिले. ही सोय सर्वांसाठी १ एप्रिल २०२२ पर्यंत होती. अमेरिकेत जानेवारी २०२२ पासून मागणी नोंदविणाऱ्या प्रत्येक घराला पोस्टाने चार किट विनामूल्य पाठविले. तिकडच्या मराठी घरांतही ते पोहोचले. आपल्याकडे घरच्या किटची अशी देशभर योजना झाली नाही. आपली लोकसंख्या आणि खर्च पाहता ते सोपेही नव्हते.

घरच्या चाचणीचा एक गुण मोठा आहे. सव्वाशे वर्षांत प्रथमच असे झाले की, रोगाचे उत्तर सरकारच्या आधी घरच्या माणसाला कळले. सोल्जर नाही, शिपाई नाही; आपलाच हात, आपलेच डोळे. परंतु त्यातच दोषही आहे. रेघ उमटलेली पट्टी उकिरड्यावर टाकली की झाले. अशा कितीतरी पट्ट्या सरकारच्या नोंदीत आल्याच नाहीत, म्हणून जानेवारी २०२२ मध्ये मुंबई महापालिकेला किटच्या विक्रीची नोंद ठेवण्याचे आदेश काढावे लागले. शिवाय झटपट चाचणी कधी कधी रोग असूनही नाही म्हणते; लक्षणे असतील तर मोठी चाचणी करावी, असे परिषदेने बजावलेलेच होते.

तेव्हा भगिनींनो, किट फुकट असावा, हे माझे मत आहेच. पण तेवढ्याने काम होत नाही. हिवतापाची काचपट्टी लोकांनी स्वीकारली, कारण तिच्यामागे गोळी होती. प्लेगची झडती लोकांनी नाकारली, कारण तिच्यामागे छावणी होती. चाचणीच्या मागे काय उभे आहे हे बाई आधी पाहते आणि मगच दार उघडते. पुढे कधी साथ आली, तर सरकारने किटबरोबर बुडालेली मजुरी आणि महिन्याचे धान्य यांचाही विचार करावा.

आणि जे सरकारवाचून होण्यासारखे आहे, ते आपण करावे. मंडळाकडे एक ऑक्सिमीटर, दोन थर्मामीटर आणि थोडी ज्वारी-डाळ राखीव असावी. ज्या घरी आजार निघेल, त्या घरी डबा कोणी न्यायचा याची पाळी आधीच ठरलेली असावी. यासाठी वर्गणी काढावी लागली, तर पहिली पावती माझ्या नावाने फाडावी.