मुनाबावचा फलाट

कल्याणला आमच्या शेजारी एक सिंधी आजी राहत. फाळणी झाली तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. मीरपूरखासला गाडीत बसवले, हद्द ओलांडल्यावर गाडी वाळवंटात खोळंबली आणि घसा कोरडा पडला, एवढेच त्यांना आठवे. पुढे उल्हासनगरच्या लष्करी बराकी.

ती वाट मी नकाशात शोधली. जोधपूरहून सिंधमधल्या हैदराबादेला जाणारी ही मीटरगेजची लाइन. फाळणीने ती मधोमध चिरली. अलीकडे बाडमेर जिल्ह्यातले मुनाबाव, पलीकडे खोखरापार. निर्वासित दोन्ही दिशांनी याच रुळांवरून गेले. वाघ्याचे नाव शाळकरी पोरही सांगेल. मुनाबावचे मात्र आम्हा मास्तरांनाही ठाऊक नसते!

१९६५च्या युद्धात गाडी बंद पडली. लष्कराची रसद पोचती राहावी म्हणून झटणारे रेल्वेचे १७ नोकर ९ सप्टेंबरला गडरा रोडजवळ प्राणास मुकले. ते सैनिक नव्हते, हे वाचकहो, ध्यानात घ्यावे.

त्यानंतर एकेचाळीस वर्षे शुकशुकाट. याची खरी झळ कुणाला लागली? उमरकोटच्या सोढा राजपुतांना. सोढ्यांची सोयरीक सोढ्यांत होत नाही. म्हणून सुना-जावई शोधायचे ते राजस्थानात. हाकेच्या अंतरावरच्या लेकीला भेटायचे, तर पार पंजाबातून, वाघ्यावरून वळसा!

अखेर दोन्ही सरकारांनी मनावर घेतले. मीटरगेज उखडून रुंद रूळ टाकले. मुनाबावच्या आडगावच्या स्थानकाचे रूप पालटले. पारपत्रे पाहणारे आणि जकातवाले तेथे येऊन बसले. पलीकडे थेट हद्दीलगत ‘झीरो पॉइंट’ नावाचे नवे स्थानक उभे राहिले. १८ फेब्रुवारी २००६ रोजी थार एक्स्प्रेस सुरू झाली, आठवड्यातून एकदा.

दैवाची थट्टा अशी, की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाडमेरच्या वाळवंटात महापूर आला. कवासला जमिनीखाली जिप्समचा थर. पाणी मुरेना, गाव कित्येक आठवडे बुडालेले. पुराने गाडीही अडवली. पुढे ती पुन्हा धावू लागली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये दोन देशांतले संबंध बिघडताच थांबली. इमारतीला, रुळांना काहीही झाले नव्हते.

पहिली गाडी सुटल्याची बातमी मीच आजींना वाचून दाखवली होती. मी नुकताच शाळेत लागलो होतो. वाचताना आवाज जरा चढलाच असेल. मंत्री, हारतुरे, बँड, सारे त्यांनी डोळे मिटून ऐकले.

“आणि फलाटावर पाण्याची सोय आहे ना?” त्यांनी विचारले.

मी बातमी पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिली. तेवढे काही त्यात दिलेले नव्हते.